आप्पांचं अपडेट उतरेपर्यंत

सुपडूआप्पांच्या घरी जायचं असेल तर आपल्या घरचा गॅस बंद करून जावं. काम दोन मिनिटांचं असलं तरी. हे मी अनुभवाने सांगते. एकदा दूध मंद आचेवर ठेवून मी त्यांच्याकडे माझी किसणी परत आणायला गेले. आप्पा कॉम्प्युटरपुढे बसलेले. मला बघून त्यांनी चौकातल्या पोलिसासारखा एक हात वर केला आणि म्हणाले, “बसा वहिनी. उतरू राहिलं.”

“काय उतरू राहिलं?”

“अपडेट. इंदूरहून. आता मधून उठता येणार नाही.”

“आप्पा, मी बसलेच नाही अजून. दारात उभी आहे.”

“उंबरठा ओलांडला ना? मग बसल्यातच जमा.”

किसणी घेऊन घरी आले तेव्हा दुधाचा खवा होऊन गेला होता आणि खव्याच्या पुढचंही काहीतरी झालं होतं. आमचे हे नाकाला रुमाल लावून दारात उभे. “उतरलं का?” एवढंच म्हणाले. त्या दिवशी मी कोणाशीच बोलले नाही, आणि मी न बोलणं ही आमच्या घरात केवढी मोठी गोष्ट आहे ते गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

तर हे आप्पा. लोधीपुऱ्यात आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. नोकरी सूतगिरणीच्या ऑफिसात केली, पण बऱ्हाणपुरात त्यांना ओळखतात ते पंगतीसाठी. आमच्या समाजात लग्न असो, तेरावं असो, भंडारा असो, वाढायचं काम आप्पांच्या हाताखाली. धोतर वर खोचलेलं, हातात तुपाची तपेली, आणि नजर अशी की चाळीस पानांपलीकडे बसलेल्या माणसाची कणकेची बट्टी कोरडी राहिलेली त्यांना इथून दिसायची. त्यांचा नियम एकच. पंगत बसली की शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठायचं नाही. एकदा एक मोठे साहेब घड्याळ बघत उठायला लागले तर आप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि वर आणखी दोन बट्ट्या चुरून दिल्या. साहेब मुकाट्याने जेवले.

मग बुफे आला. लोक ताट हातात घेऊन हिंडायला लागले, उभ्याउभ्या खाऊन निघायला लागले. आप्पांच्या हातातली तपेली गेली. माणूस फार कोमेजला हो. त्यांना थोडं टायपिंग येत होतं, म्हणून समाजाने लग्नाच्या मुलामुलींची माहिती ठेवायचा कॉम्प्युटर त्यांच्या घरी नेऊन दिला. इंदूरच्या कोणीतरी बनवलेलं सॉफ्टवेअर आहे त्यात. नाव, गाव, शिक्षण, जन्मवेळ भरली की ते गुण जुळवतं आणि कागद छापून देतं. ज्याच्या घरी लग्नाचं मूल आहे त्याला आप्पांच्या दारात जावंच लागतं.

हाच कॉम्प्युटर परवाच्या रविवारी त्यांच्या घरून उचलून इतवाऱ्यात समाजाच्या धर्मशाळेत न्यायचं ठरलं होतं. त्या रविवारचंच सांगायला मी बसले आहे. पण आधी आमचा त्रास सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका म्हाताऱ्या माणसाच्या मागे एवढी माणसं का लागली.

त्या सॉफ्टवेअरमध्येच एक बटण आहे. ते दाबलं की ते इंदूरच्या सर्व्हरला विचारतं, नवीन काही आहे का. असलं तर ते आपोआप खाली उतरायला लागतं आणि एक निळी पट्टी हळूहळू भरत जाते. सुरुवातीला आप्पांकडे ते पेनासारखं खोचायचं इंटरनेट होतं. त्यावर पट्टी कशी सरकायची, तर गोगलगायीने बघून हसावं. आप्पांना मात्र काही घाई नसायची. “इच्छापूरच्या रस्त्यानं येऊ राहिलं,” म्हणायचे. “आत्ता बडवाहच्या पुलावर असंल. आसीरचा घाट उतरलं की आलंच.”

एकदा असंच काही उतरत असताना चांदनी गावचे एक गृहस्थ पानाची पिंक टाकायला उठले. ते उठायला आणि लाईट जायला एकच गाठ पडली. लाईट आल्यावर आप्पांनी सॉफ्टवेअर उघडलं तर सगळी मुलं मुलींच्या खान्यात आणि सगळ्या मुली मुलांच्या खान्यात. आमचे समाजाचे अध्यक्ष प्रकाशशेठ, केळीचे व्यापारी, त्यांचा पुतण्या चांगला मिशीवाला, गाडीवाला. त्याला “सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष” म्हणून खंडव्याहून, रावेरहून फोन यायला लागले. एका घरच्यांनी तर मुलगी गाते का विचारलं. इंदूरवाल्यांनी ते सगळं नीट करून देईपर्यंत प्रकाशशेठने घराबाहेर पडणं सोडलं होतं.

इंदूरवाले म्हणाले, लाईट गेल्यामुळे झालं. सगळं गाव म्हणालं, लाईट गेल्यामुळे झालं. आप्पा म्हणाले, “लाईट तर रोज जाते. पंगतीतून माणूस उठला, म्हणून झालं.”

बस. तेव्हापासून हा नियम. अपडेट सुरू असताना घरात जो कोणी असेल त्याने उठायचं नाही. त्यांच्या मते इंदूरवाला वाढतोय, कॉम्प्युटर जेवतोय, आणि आपण त्याच्या पंगतीला बसलोय. किती टक्के झालं हे ते आकड्यात सांगतच नाहीत. “पानं मांडली.” “लोणचं वाढलं.” “वरण फिरू राहिलं.” अर्ध्यावर गेलं की बट्टी. भात आला म्हटलं की माणसांच्या जीवात जीव येतो, कारण आपल्याकडे भात शेवटी. सुरुवातीला तर ते पानाभोवती पाणी फिरवतात तसं चमच्याने कीबोर्डभोवती पाणी फिरवायचे. एक दिवस ते पाणी खालच्या विजेच्या बोर्डात गेलं, चर्रर झालं, आणि आप्पा खुर्चीसकट मागे. आता नुसतंच कोरडं बोट फिरवतात.

बरं, भांडावं तर ते भांडू देत नाहीत. मुरमुऱ्यांची ताटली पुढे येते, शेव येते, चहा येतो. चहा म्हणजे काय सांगू, साखरेच्या पाकात पत्ती बुडवलेली असते. नको म्हटलं की चेहरा पडतो.

माझी धाकटी बहीण रावेरहून लेकीसाठी स्थळ बघायला आली होती. मी तिला बजावलं होतं, आत जाऊ नको, खिडकीतून कागद माग. पण आप्पा म्हणाले, “या ना ताई, पाणी तरी घ्या,” आणि ती गेली. संध्याकाळी मी बघायला गेले तर ती मुरमुरे निवडत बसलेली, बस निघून गेलेली, आणि मला बघून आप्पांचा हात वर. “बसा वहिनी. बट्टी आली.” मीही बसले. काय करणार.

खोटं कशाला बोलू, एक गोष्ट मात्र झाली. शाहपूरकडचे एक गृहस्थ आणि नेपानगरचे दुसरे, एकमेकांची तोंडओळखही नसलेले, असेच एका अपडेटला अडकले. करायला काही नाही, म्हणून बोलत बसले. आधी केळीच्या भावावर, मग गुडघेदुखीवर. पट्टी भरेपर्यंत एकाची मुलगी दुसऱ्याच्या मुलाला पक्की. कागद छापायचं कामच पडलं नाही. आप्पा ते लग्न अपडेटच्या खात्यात धरतात.

तुम्ही म्हणाल, घरात बाईमाणूस नाही का त्यांना सांगायला? आहे. द्वारकावहिनी आहेत. पण त्या सुरतला मुलाकडे. नातू झाला तेव्हा थोड्या दिवसांसाठी म्हणून गेल्या, आता तो नातू शाळेत जातो. “या दिवाळीनंतर येतेच,” म्हणतात, आणि दिवाळीनंतर सून म्हणते, आई, परीक्षा होऊ द्या. आप्पाही एकदा सुरतला जाऊन आले. आठवडाभरात परत. मी विचारलं, करमलं नाही का? तर म्हणाले, “घर झकास आहे वहिनी. लिफ्ट आहे, सगळं आहे. पण तिथं कोणी बसतच नाही. जो तो उभ्यानं खातो अन् निघतो.”

मग मागच्या वर्षी आमच्या गल्लीत फायबरची तार आली. माझा नातू भोपाळहून व्हिडिओवर बोलतो तर त्याच्या गालावरचा तीळसुद्धा दिसतो. मी म्हटलं, चला, सुटलो. आता आप्पांचं अपडेट चुटकीसरशी उतरेल. कसलं काय. होतं तेवढाच वेळ. उलट जास्तच. पूर्वी महिन्यातून कधीतरी अपडेट यायचं, आता जेव्हा जावं तेव्हा ते उतरतच असायचं. मी गेले की उतरू राहिलं. हे गेले की उतरू राहिलं. गॅसची टाकी देणारा आत टाकी ठेवायला गेला, तोही अर्ध्या तासाने तोंडाचा चहा पुसत बाहेर.

“आप्पा, तार बदलली ना हो?” मी एकदा चिडून विचारलं.

“तार बदलली वहिनी, पण वाढणारा तोच आहे ना. तो त्याच्या हिशोबानंच वाढंल.”



लोकांनी जाणंच सोडलं. कागद हवा असला तर फोनवर मागायला लागले. “आप्पा, मोबाईलवर टाकून द्या ना.” आप्पा म्हणायचे, “मोबाईलवर नाही येत. या घरी.” शेवटी दोन-चार बापांनी प्रकाशशेठकडे तक्रार केली. समाजाची बैठक झाली आणि ठरलं, कॉम्प्युटर धर्मशाळेत हलवायचा. तिथे एक पगारी मुलगी बसेल, दहा ते पाच. महिला मंडळातर्फे मला विचारलं. मी म्हटलं, आजच हलवा, रविवारची वाट कशाला बघता. त्या जळक्या पातेल्याचा राग होता माझ्या मनात, अजूनही थोडा आहे.

ठरलेलं आप्पांना सांगायला प्रकाशशेठने मलाच पाठवलं. त्यांना वाटलं, बाई आहे, गोड बोलेल. आप्पांनी ऐकून घेतलं. आधी वाटलं, भांडतील. पण ते कॉम्प्युटरवरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. मग म्हणाले, “वहिनी, त्या पोरीला पंगत सांभाळता येईल का? पाच वाजले की ती तर उठून जाईल.”

मी म्हटलं, “आप्पा, उठली तर उठली. काही होत नाही.”

“हं,” म्हणाले. “नेऊ द्या.” आणि मला बसा म्हणाले नाहीत. मला घरी येऊन चुकल्यासारखं वाटत राहिलं.

तर रविवार. प्रकाशशेठ सकाळीच आले, बरोबर सामान उचलायला टेंपोवाला. मला आधीच बोलावून ठेवलं होतं. आम्ही आत गेलो तर आप्पा कॉम्प्युटरपुढे. अंगात इस्त्रीचा सदरा. स्टोव्हवर मोठं पातेलं, आणि घरभर फोडणीच्या पोह्यांचा वास. प्रकाशशेठचा हात वायरकडे जातो न जातो तोच आप्पांचा हात वर.

“बसा शेठ. आत्ताच सुरू झालं. उतरू राहिलं.”

प्रकाशशेठ जागेवरच थांबले. “आज? आजच?”

“इंदूरवाल्याच्या मनात आलं. आपण काय करणार? वायर काढायची तर काढा. मी हात धरणार नाही.”

प्रकाशशेठने वायरकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांपुढे पुतण्याची मिशी उभी राहिली असणार. कपाळावर हात मारून ते खाटेवर बसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “जिजी, आता तुम्हीच बघा. मला दुपारी मंडीत जायचंय, गाड्या भरायच्यात.”

टेंपोवाला खाली सतरंजीवर बसला. आप्पांनी सगळ्यांच्या हातात पोह्यांच्या ताटल्या दिल्या. खुर्ची राहिली नव्हती, म्हणून मी आप्पांच्या मागे, पंख्याखालच्या स्टुलावर टेकले. आता सांगते, त्या स्टुलावर मी कधी बसले नव्हते. आप्पांचं टेबल असं लावलेलं आहे की पडदा फक्त त्यांना दिसतो. आम्हाला कॉम्प्युटरची पाठ. आणि कधी डोकावलं तरी पूर्वी तिथे सगळं इंग्रजीत असायचं, ते आमच्यापैकी कोण वाचणार.

पण मधल्या कुठल्यातरी अपडेटमध्ये इंदूरवाल्यांनी सगळं हिंदी करून टाकलं होतं. चांगली मोठी, गोल अक्षरं. मी चष्मा पुसला आणि वाचलं. “आपका सॉफ़्टवेयर अप-टू-डेट है। कोई नया अपडेट उपलब्ध नहीं है।”

पट्टी नाही, टक्के नाहीत, काही नाही. खाली एक बटण, “फिर से जाँचें”. पडद्यावरचा बाण त्या बटणावर आणि आप्पांचं बोट माऊसवर. ते दाबत, एक चक्र गरगर फिरे, थांबे, आणि पुन्हा तीच ओळ. आप्पा थोडा वेळ जाऊ देत, प्रकाशशेठला चटणी हवी का विचारत, आणि पुन्हा दाबत.

पहिल्यांदा मला काय आलं असेल? संताप. माझं दूध. माझ्या बहिणीची बस. ती सगळी दुपार, ते सगळे मुरमुरे. म्हणजे काहीच उतरत नव्हतं. फायबर आल्यापासून, देवाला ठाऊक कधीपासून, आम्ही सगळे शहाणेसुरते लोक त्या बटणापुढे बसून राहिलो होतो. तोंडाशी आलं होतं, प्रकाशशेठ, उठा आणि वायर काढा.

तेवढ्यात आप्पांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. ते पडद्याकडे बघतच नव्हते. बोट आपलं बटणावर, आणि नजर टेंपोवाल्याच्या ताटलीवर. त्याचे पोहे संपत आले होते. आप्पांनी डाव्या हाताने पातेल्यातून डाव भरून त्याच्या ताटलीत घातला, वर लिंबू पिळलं. तो म्हणाला, बस बस. आप्पा म्हणाले, “घे रे, लांबून आला.” तो इतवाऱ्याहून आला होता. पायी आलं तरी तिथून यायला कितीसा वेळ लागतो.

त्या खोलीत चार माणसं बसली होती, खाणं चाललं होतं. मी मनात आठवायला लागले, या घरात याआधी चार माणसं कधी होती.

“जिजी,” प्रकाशशेठ म्हणाले, “तुम्हाला तिथून दिसत असेल ना? खरंच काही येतंय का? किती झालं?”

आप्पांचं बोट थांबलं. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. नुसती मान ताठ झाली. सदऱ्याच्या कॉलरवर इस्त्री करताना पडलेला एक पिवळा डाग मला दिसत होता.

“वरण फिरतंय अजून,” मी म्हटलं. “बट्टी यायचीय.”

प्रकाशशेठने घड्याळ बघितलं. “म्हणजे दुपार झाली.”

“दुपार होईल. तुमच्या पुतण्याचं लग्न ठरलंय म्हणतात. पुन्हा तो मुलींच्या खान्यात गेला तर सोयरे काय म्हणतील, तुम्हीच बघा.”

प्रकाशशेठ उठता येत नाही म्हणून टेंपोवाल्याशीच बोलायला लागले. त्याच्या बोलण्यात निघालं की त्याची साळी लग्नाची आहे. आप्पा लगेच, “जन्मवेळ माहीत आहे का?” मंडीतून फोनवर फोन येत होते. तिसऱ्या चहानंतर प्रकाशशेठ म्हणाले, “आप्पा, पुढच्या आठवड्यात बघू. नाहीतर राहू द्या इथंच. तुम्ही असं करा, लोकांना आधी पोहे सांगत जा, अपडेटचं नंतर सांगा. मग कोणी तक्रार करणार नाही.” आणि मग एकदम माझ्याकडे वळून, “आता तरी उठू ना, जिजी?”

मी पडद्याकडे बघितलं. तीच ओळ. “भात झाला,” मी म्हटलं. “उठा.”

ते गेले. टेंपो रिकामाच गेला. मी ताटल्या गोळा केल्या. आप्पा कॉम्प्युटर बंद करून पातेलं घासायला बसले, माझ्याकडे पाठ करून. घासता घासता म्हणाले, “वहिनी, तुम्हाला हिंदी वाचता येतं?”

“बऱ्हाणपुरात जन्म गेला आप्पा. न येऊन कसं चालेल?”

“हो,” म्हणाले. “ते बी खरं.” आणि पातेलं घासत राहिले. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाक उरकून, गॅस बंद करून त्यांच्याकडे गेले. काही काम नव्हतं. ह्यांनी विचारलं, कशाला चाललीस, तर म्हटलं, अशीच. कॉम्प्युटर बंद होता. मला दारात बघून आप्पा गडबडले. हात वर करायची सवय, तो थोडा वर गेला आणि मध्येच खाली आला. उभेच राहिले. माझ्या चपलांकडे बघितलं, मी त्या काढते की नाही.

मग त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, “वहिनी, घाई आहे का?”

“आहे,” मी म्हटलं, आणि खाटेवर चांगली मांडी घालून बसले.